पुडीचे अर्थशास्त्र

एस. वाय. बी. ए. (अर्थशास्त्र)

‘जागतिकीकरण’ हा शब्द आमच्या अभ्यासक्रमात येतो तेव्हा त्याच्या मागेपुढे जुलै १९९१ चे नवे आर्थिक धोरण, १ जानेवारी १९९५ रोजी अस्तित्वात आलेली जागतिक व्यापार संघटना, थेट परकीय गुंतवणूक असे भारदस्त मानकरी उभे असतात. परीक्षेत ‘टीप लिहा’ म्हणून प्रश्न येतो, आपण पाच गुणांची टीप लिहितो आणि मोकळे होतो. परंतु हे जागतिकीकरण तुमच्या गावात कोणत्या वाटेने आले, असे जर कोणी विचारले, तर त्या टिपेतले काहीच माझ्या उपयोगी पडत नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावात परदेशी कंपनीचा कारखाना नाही, मॉल नाही, परकीय गुंतवणूकदार तर कोणी डोळ्यांनी पाहिलेलाही नाही. आहेत त्या किराणा दुकानाच्या दारावर लटकणाऱ्या पुड्यांच्या माळा. शांपू, केसांचे तेल, धुण्याची पावडर, कॉफी, मसाला, गोरेपणाची क्रीम. एकाखाली एक जोडलेल्या, रंगीत, चकचकीत. दुकानदार कात्रीने एक पुडी कापून देतो आणि आपण एक रुपया देतो. माझ्या मते जागतिकीकरण आमच्या गावात आले ते या माळेला लटकून.

प्रस्तुत लेखात या पुडीचा विचार करावयाचा आहे. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु दोन बोटांत मावणाऱ्या या वस्तूत उपभोगवाद, दारिद्र्य, प्रतिष्ठा आणि पर्यावरण या चारही गोष्टी इतक्या दाटीने भरलेल्या आहेत, की मला तरी त्या एकमेकींपासून सुट्या करता आलेल्या नाहीत.

‘पुडी’ हा शब्द काही नवा नाही. वैद्याच्या औषधाची पुडी, कुंकवाची पुडी, अंगाऱ्याची पुडी आपल्याला पूर्वीपासून माहीत आहे. दुकानदार जुन्या वर्तमानपत्राचा चौकोनी तुकडा घेई, त्यात जिरे-मोहरी टाकून चारी बाजूंनी दुमडी आणि वरून दोरा गुंडाळी. त्या कागदाने दुसऱ्या दिवशी चूल पेटे. दोरादेखील आजी गुंडाळून फळीवर ठेवीत असे. म्हणजे पुडीचे आयुष्य तिच्यातल्या मालाबरोबर संपत नसे, आणि संपले तरी मागे काही उरत नसे. आज शब्द तोच राहिला आहे आणि वस्तू मात्र पार बदलली आहे.

पुडी बहुराष्ट्रीय कंपन्यांनी शोधून काढली असेल, असा माझा समज होता. तसे नाही. तमिळनाडूतील कडलूर या गावी चिन्नी कृष्णन नावाचे एक छोटे उद्योजक होते. बाटलीतला शांपू ज्यांना कधीच परवडणार नाही त्यांनाही तो मिळावा, म्हणून एका वेळेपुरता शांपू प्लास्टिकच्या पुडीत भरण्याची कल्पना त्यांची. त्यांचे पुत्र सी. के. रंगनाथन यांनी घरच्या व्यवसायातून बाहेर पडून १९८३ साली अवघ्या १५,००० रुपयांच्या भांडवलावर ‘चिक’ हा शांपू काढला. ‘चिक’ हे नाव वडिलांच्याच नावातून घेतलेले. पुढे याच उद्योगाची ‘केविनकेअर’ ही कंपनी झाली. रंगनाथन यांची माणसे खेड्यांत जात, शांपू म्हणजे काय आणि तो कसा लावायचा हे लोकांसमोर एखाद्या मुलाचे केस धुऊन दाखवीत.

याच कंपनीची एक योजना येथे मुद्दाम सांगितली पाहिजे, कारण पुढे मला तिच्याकडे परत यावयाचे आहे. कोणत्याही शांपूच्या पाच रिकाम्या पुड्या आणून द्या आणि ‘चिक’ची एक भरलेली पुडी फुकट घेऊन जा, अशी ती योजना होती. नंतर अट बदलली आणि फक्त ‘चिक’च्याच रिकाम्या पुड्या चालतील असे ठरले. खप भराभर वाढला. व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गात ही गोष्ट विक्रीकौशल्याचा नमुना म्हणून सांगतात. मला त्यात दुसरेच काही दिसते, पण ते यथावकाश.

मोठ्या कंपन्यांनी ही युक्ती लवकरच उचलली. उदारीकरणानंतर दूरदर्शनच्या जोडीला केबल आली, गावोगाव जाहिराती दिसू लागल्या, रस्ते झाले, वितरकाचा टेम्पो आठवड्याला दारात येऊ लागला. २००१ पासून हिंदुस्थान लिव्हरने (आताची हिंदुस्थान युनिलिव्हर) ‘शक्ती’ या योजनेखाली बचतगटातल्या बायकांनाच विक्रेत्या करून छोट्या खेड्यांपर्यंत माल पोहोचवला. २००४ साली सी. के. प्रल्हाद यांचे एक पुस्तक आले. समाजाचा पिरॅमिड कल्पिला तर त्याच्या तळाशी असलेल्या कोट्यवधी गरिबांत मोठी संपत्ती दडलेली आहे, कंपन्यांनी त्यांना ग्राहक मानावे, त्यातून कंपन्यांचे आणि गरिबांचे दोघांचेही भले होईल, असे त्यांचे प्रतिपादन. पुडी हे त्यांचे एक आवडते उदाहरण होते. गंमत अशी, की प्रल्हाद ज्या मिशिगन विद्यापीठात शिकवीत, तेथलेच दुसरे प्राध्यापक अनिल कर्णानी यांनी काही वर्षांतच त्यांना उत्तर दिले. कर्णानींचे म्हणणे असे, की माल छोट्या पुडीत भरल्याने गरिबाची सोय होते, त्याची ऐपत काही वाढत नाही; गरिबी हटवायची तर गरिबाकडे खरेदीदार म्हणून पाहण्यापेक्षा उत्पादक म्हणून पाहा, त्याचे उत्पन्न वाढवा. आमच्या घरापुरते बोलायचे तर मला कर्णानी पटतात. पण प्रल्हादांना सरळ मोडीत काढावे, असेही मला वाटत नाही. त्याचे कारण सांगते.

आमची वस्ती वेशीबाहेरची. आजी तिच्या लहानपणीच्या दुकानाची हकीकत सांगते. ती म्हणते, “वरनं टाकायचा बघ पदरात. मीठ असू दे, मिरची असू दे, हात लांबच. सांडलं तर वेचून घ्यायचं, तोंड उघडायचं न्हाई.” पैसे उंबऱ्यावर ठेवायचे, तो त्यावर पाणी शिंपडून मग उचलायचा. मापात किती आले, हे विचारायची सोय नव्हती. आज त्याच दुकानदाराची नातसून गल्ल्यावर बसते. ती पुडी कापून आजीच्या हातात देते आणि हातातून पैसे घेते. पुडीवर वजन छापलेले, किंमत छापलेली. ती पाटलासाठी एक आणि आमच्यासाठी एक अशी नसते. हा बदल पुडीने केला, असे म्हणणे धाडसाचे होईल. तो केला बाबासाहेबांनी, राज्यघटनेने, शिक्षणाने आणि माणसांनी. परंतु बंद पुडीने त्या बदलाला एक सोपा हात दिला, एवढे मान्य करावे लागते.

म्हणूनच आपल्या वक्तृत्व स्पर्धेत कोणी ‘चला, पुन्हा रिठा-शिकेकाईकडे वळू या’ म्हणते आणि टाळ्या पडतात, तेव्हा माझे हात काही उचलत नाहीत. शिकेकाई आणायची, वाळवायची, कुटायची, उकळायची. त्यासाठी सरपण हवे, पाणी हवे आणि मुख्य म्हणजे बाईला तेवढा रिकामा वेळ हवा. माझी आई सकाळी सातला दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. तिच्या बाबतीत शांपूची पुडी हा उपभोगवाद नसून अर्ध्या तासाची उसंत आहे. शिवाय तिची मजुरी आठवड्याला मिळते. बाजारच्या दिवशी तेल, मीठ, चहा, माझे एस.टी.च्या पासचे पैसे बाजूला काढल्यावर जे उरते, त्यात बाटली बसत नाही आणि पुडी बसते.

सुट्या मालाचे गोडवे गाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. १९९८ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मिसळल्यामुळे जलोदरासारख्या विकाराची मोठी साथ आली आणि अनेकांचे प्राण गेले. त्यानंतर सुटे खाद्यतेल विकण्यावर बंधने आली. भेसळीला भिणारा माणूस बंद पाकिटावर विश्वास ठेवतो, त्यात त्याला वेडा म्हणण्यासारखे काही नाही.

येथपर्यंत मी पुडीची वकिली केली. आता दुसरी बाजू.

या लेखासाठी मी आठ दिवस आमच्या घरातल्या सगळ्या रिकाम्या पुड्या आणि छोटी पाकिटे एका पिशवीत साठवली. घरात माणसे पाच. पुड्या निघाल्या ४७. शांपू, धुण्याची पावडर, चहा, हळद, मसाला, बिस्किटे आणि धाकट्या भावाचे चिप्स. चिप्सचा आकडा पाहून आई त्याला बोलली, तो भाग येथे गाळते. ही पिशवी मी दुकानातल्या काट्यावर ठेवली तर वजन पन्नास ग्रॅमच्या आसपास भरले. म्हणजे एका पुडीला साधारण एक ग्रॅम. वरवर पाहता हे काहीच नाही. पण याच हलकेपणात सगळी मेख आहे.

आमच्या गावात भंगारवाला येतो. तो लोखंड घेतो, पत्रा घेतो, रद्दी घेतो, बाटल्या घेतो, दुधाच्या पिशव्यादेखील घेतो. पुडी घेत नाही. दुधाची पिशवी एकाच जातीच्या प्लास्टिकची असते, ती वितळवून पुन्हा वापरता येते. पुडी तशी नाही. तिच्यात बाहेरून छपाईचे पॉलिएस्टर, मध्ये अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा किंवा त्याचा मुलामा आणि आतून पॉलिथिन असे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. बाहेरच्या थराने रंग आणि मजबुती येते, मधल्याने हवा, ओल आणि उजेड अडतो, आतल्याने पुडी गरम दाबून बंद करता येते. प्रत्येक थराचे काम चोख. पण एकदा चिकटवलेले हे थर पुन्हा वेगळे करण्याचा खर्च त्यांच्या किमतीच्या कितीतरी पुढे जातो. त्यात ती एक ग्रॅमची. किलोभर माल गोळा करायचा तर सुमारे हजार वेळा वाकावे लागेल, आणि वाकून हाती काय, तर कोणी न घेणारी वस्तू. पुण्यात १९९३ साली कचरावेचकांची संघटना स्थापन झाली. तिचे नाव ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’. ज्या वस्तूंना बाजारात मोल होते आणि ज्यांच्यावर या बायकांची चूल पेटत होती, त्यांचीच नावे त्यांनी संघटनेला दिली. पुडीचे नाव त्या यादीत येणे शक्यच नव्हते.

मग ती जाते कोठे? शहरात घंटागाडीत, तेथून कचरा डेपोत, फार तर सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून. आमच्याकडे ती जाते उकिरड्यात. शहरी वाचकांना उकिरडा म्हणजे घाणीचा ढीग वाटतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने उकिरडा हा खताचा कारखाना असतो. शेण, राख, पालापाचोळा, खरकटे वर्षभर त्यात पडते, कुजते आणि पावसाळ्याच्या तोंडाला गाड्या भरून शेतात जाते. बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो अशी म्हण आहे. खरे म्हणजे तो दरवर्षीच फिटत असे. आता शेणखताबरोबर पुड्याही रानात जातात. मे महिन्यात नांगरट झाली, की काळ्या ढेकळांतून चांदीसारखे तुकडे चमकतात. पाऊस पडला की त्यातले काही ओढ्याला लागतात, बाकीचे मातीखाली जातात आणि पुढच्या नांगरटीला अधिक बारीक होऊन वर येतात. शेळ्या मसाल्याच्या नाहीतर चिप्सच्या पाकिटाला मिठाच्या वासाने तोंड लावतात. हे नको म्हणून कोणी उकिरडाच पेटवून देतो, तर संध्याकाळभर वस्तीवर असा काही धूर बसतो की आजीला झोपायला मिळत नाही.

पुडीची दुसरी टोकेही दूरवर गेलेली आहेत. शांपूला फेस आणणारे पदार्थ बहुधा पाम किंवा खोबऱ्याच्या तेलापासून नाहीतर खनिज तेलापासून तयार करतात. बिस्किटात आणि चिप्समध्ये तर पामतेल सर्रास असते. भारत हा जगातला सर्वांत मोठा पामतेल आयातदार देश आहे, आणि हे तेल प्रामुख्याने इंडोनेशिया आणि मलेशियातून येते. तेथे सुमात्रा आणि बोर्निओ बेटांवरची मोठमोठी अरण्ये या तेलाच्या मळ्यांसाठी तोडली गेली. २०२२ च्या एप्रिलअखेर इंडोनेशियाने आपल्याकडे तुटवडा पडू नये म्हणून पामतेलाची निर्यात काही आठवडे बंद केली, तेव्हा आपल्याकडच्या तेलाच्या बाजारात धावपळ उडाली. मला भूगोलात सुमात्रा नकाशावर दाखवता येत असे. ते आमच्या भावाच्या बिस्किटाच्या पुड्यात आहे, हे मात्र भूगोलाच्या पुस्तकात नव्हते.

क्रीमच्या पुडीबद्दल थोडेच लिहिते, कारण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. शांपूची गरज आधीपासून होती, पुडीने ती भागवली. गोरेपणाच्या क्रीमने आधी कमीपणा निर्माण केला आणि मग त्यावरचा इलाज आठ-दहा रुपयांत विकला. माझी एक मावसबहीण लग्न ठरेपर्यंत दररोज ते लावीत होती. २०२० साली अशा एका प्रसिद्ध क्रीमच्या नावातून गोरेपणाचा शब्द काढण्यात आला. पुडी मात्र माळेत जिथल्या तिथे आहे.

आता थोडे पुस्तकी अर्थशास्त्र. गरिबाला सुटे घेतलेले महाग पडते, असा सर्वसाधारण नियम सांगतात. शांपूच्या बाबतीत मी हिशेब करून पाहिला तर तो उलटा निघाला. एक रुपयाच्या पुडीत पाच-साडेपाच मिलिलिटर शांपू असतो, म्हणजे शंभर मिलिलिटरला अठरा ते वीस रुपये पडतात. त्याच शांपूची बाटली घेतली तर तेवढ्याच मालाला त्याच्या दुपटीहून जास्त पैसे मोजावे लागतात. मी तीनदा आकडेमोड केली. बाटलीचे प्लास्टिक जाड, झाकण निराळे, शिवाय बाटली घेणाऱ्याची ऐपत कंपनी ओळखून असते, ही कारणे आहेतच. पण मला वाटते, पुडी स्वस्त असण्याचे आणखी एक कारण असे, की तिच्या किमतीत तिच्या विल्हेवाटीचा खर्च धरलेला नाही. ए. सी. पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२० सालच्या आपल्या ग्रंथात ही गोष्ट मांडली होती. एखाद्याच्या उत्पादनामुळे होणारे नुकसान त्याच्या हिशेबवहीत न येता तिसऱ्याच माणसाच्या माथी पडते, तेव्हा बाजारातली किंमत खरी किंमत सांगत नाही. आपण याला ‘बाह्य परिणाम’ म्हणून शिकतो आणि उदाहरण म्हणून गिरणीच्या धुराड्याचे चित्र काढतो. धुराडे आता शोधावे लागते. पुडी दारात आहे. एक रुपयातला नफा कंपनीकडे जातो, एक ग्रॅमचा कचरा आमच्या उकिरड्यात येतो, आणि त्याची किंमत कोणत्याच पावतीवर नसते.

सरकारला हे समजलेले नाही असे नाही. केंद्राच्या २०१६ च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत असे कलम होते, की पुनर्वापर होऊ न शकणारे बहुथरी प्लास्टिक दोन वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करावे. म्हणजे २०१८ पर्यंत पुडीचा निकाल लागावयास हवा होता. २७ मार्च २०१८ रोजी या नियमांत दुरुस्ती झाली. पुनर्वापर होत नाही, ज्याच्यापासून ऊर्जाही मिळत नाही किंवा ज्याचा दुसरा काही उपयोग नाही, अशाच बहुथरी प्लास्टिकला आता हे कलम लागू राहिले. भट्टीत जाळता येते म्हणजे ऊर्जा मिळते. झाले, पुडी सुटली. त्याच्या चारच दिवस आधी, २३ मार्च २०१८ रोजी, महाराष्ट्र शासनाने प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली होती. त्या वेळी दुकानातली पातळ पिशवी गेली (आणि काही महिन्यांनी परत आली, हे सर्वांना ठाऊक आहे), पण पुड्यांच्या माळेला कोणी हात लावला नाही. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदा वापरून फेकण्याच्या प्लास्टिकवर बंदी आली. त्या यादीत कान कोरण्याच्या काड्या आहेत, फुग्याच्या काड्या आहेत, आइस्क्रीमच्या काड्या, पेले, चमचे आहेत. शांपूची पुडी नाही. गुटख्याच्या प्लास्टिक पुडीला २०११ पासूनच मनाई आहे आणि गुटख्यालाच आपल्या राज्यात २०१२ पासून. ती बंदी किती पाळली जाते हे एस.टी. स्टँडच्या कोपऱ्यांना विचारावे.

श्रीलंकेने मात्र २०२१ साली २० मिलिलिटर किंवा २० ग्रॅमपर्यंतच्या प्लास्टिक पुड्यांवर बंदी घातली. अन्न आणि औषधे तेवढी वगळली. आपल्याकडेही असेच सरसकट व्हावे काय? माझे मत ‘नाही’कडे झुकते. बाटली न परवडणारी बाई उद्या काय करील, याचे उत्तर दिल्याशिवाय पुडी बंद केली, तर पर्यावरणाच्या रक्षणाचा खर्च पुन्हा माझ्या आईच्याच अर्ध्या तासातून वसूल होईल.

आता त्या ‘चिक’च्या योजनेकडे येते. पाच रिकाम्या पुड्यांना एक भरलेली. पर्यावरणाचा विचार तेव्हा कोणाच्या मनात नव्हता. प्रतिस्पर्ध्याचे गिऱ्हाईक ओढायचे एवढाच हेतू होता. परंतु त्या योजनेने एक गोष्ट सिद्ध करून ठेवली. रिकामी पुडी खेड्यातून दुकानात आणि दुकानातून वितरकाकडे परत येऊ शकते. लोक ती सांभाळून ठेवतात, आणून देतात, दुकानदार मोजून घेतो. एक ग्रॅमची वस्तू गोळा करणे अव्यवहार्य आहे असे आज आपल्याला सांगितले जाते, तेव्हा एवढेच विचारावेसे वाटते, की चाळीस वर्षांपूर्वी खप वाढवायचा होता तेव्हा ते व्यवहार्य कसे होते? कायद्यालाही ही कल्पना परकी नाही. राज्याच्या २०१८ च्या अधिसूचनेत दुधाची पिशवी किमान ५० पैशांना परत घेण्याची तरतूद होती. केंद्राने २०२२ पासून कंपन्यांवर आपल्या वेष्टनांच्या विल्हेवाटीची जबाबदारी टाकली आहे, बहुथरी प्लास्टिकचा त्यात वेगळा वर्ग आहे. पण ती जबाबदारी प्रमाणपत्रे विकत घेऊन पुरी करता येते, आणि २०२३ साली त्यातली पुष्कळशी प्रमाणपत्रे बनावट असल्याचे उघडकीस आले. प्रमाणपत्र बनावट करता येते. दुकानाच्या काउंटरवर मोजलेल्या पाच पुड्या बनावट करणे जरा कठीण.

आमच्या दुकानदारांना मी हे विचारून पाहिले. ते म्हणाले, “ताई, पाचाला नको, दहाला एक देऊ दे. गावात पुडी दिसायची न्हाई. पोरंच गोळा करून आणतील. फक्त गोळा झालेलं पोतं न्यायला गाडी आली पायजे, आणि माझं कमिशन.” कमिशनचा मुद्दा रास्त आहे. माल घेऊन येणारा टेम्पो परत जाताना रिकामाच जातो, हेही त्यांनीच माझ्या लक्षात आणून दिले.

या पार्श्वभूमीवर आपल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या विभागाला एक सूचना करावीशी वाटते. हिवाळी शिबिरात आपण दरवर्षी एका गावात श्रमदान करतो, प्लास्टिक वेचतो, पोत्यांबरोबर छायाचित्र काढतो. पोती कोठे जातात याची नोंद नसते. जगात अनेक ठिकाणी ‘ब्रेक फ्री फ्रॉम प्लास्टिक’ या चळवळीचे कार्यकर्ते २०१८ पासून वेचलेला कचरा कंपनीनिहाय मोजतात. आपणही मोजू या. बहुथरी वेष्टनावर उत्पादकाचे नाव आणि नोंदणी क्रमांक छापणे २०१६ च्या नियमांनीच बंधनकारक केले होते, त्यामुळे पुडी कोणाची हे ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. कोणत्या कंपनीच्या किती पुड्या, किती वजन, आणि ज्यांच्यावर नाव किंवा क्रमांकच नाही त्या किती, असा तक्ता सात दिवसांत सहज तयार होईल. तो प्राचार्यांच्या सहीने महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला, आणि एकेक प्रत त्या त्या कंपनीला पाठवावी. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तक्ता करता येतो, भूगोलाच्या विद्यार्थ्यांना ओढ्याचा नकाशा काढता येतो, आणि पत्र लिहायला मराठी विभाग आहेच.

नोंदवही मी आणीन. तराजू मात्र ग्रॅममध्ये मोजणारा हवा, तो भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत आहे. आणि पुड्या चिखलातून वेचायच्या असल्याने हातमोजे लागतील. त्यांची मागणी कार्यक्रम अधिकाऱ्यांकडे या लेखाद्वारेच नोंदवीत आहे.